न मारलेलं प्यादं

१

उरणच्या मोरा बंदरातल्या धक्क्याखाली ओहोटीला एक देह लागला, तेव्हा मी मुंबईच्या लाँचची वाट बघत उभा होतो. डोळे दाखवायला निघालो होतो. माझे डोळे अजून ठीक आहेत हे तिथेच कळलं, कारण चिखलात पालथं पडलेलं ते पोर मी वरूनच ओळखलं. मोहल्ल्यातला नजीब. कोळ्यांनी त्याला उलटं केलं तेव्हा बघ्यांतलं कुणीतरी म्हणालं, "हाच तो. डाव विकणारा." साधं 'अरेरे'सुद्धा कुणाच्या तोंडून निघालं नाही. मला असा संताप आला की मी लाँच सोडून दिली.

मी टिपणीस. फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि उरणात घर बांधून राहिलो. लोक मला अजून फौजदारसाहेब म्हणतात आणि मी लोकांना अजून चोर समजतो, त्यामुळे दोन्हीकडून बरं चाललं आहे.

हे छप्पन्न सालचं. आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये बुद्धिबळाचं अजिंक्यपद खेळलं जात असे. गादीवर होते कर्णिक मास्तर, शाळेचे हेडमास्तर. आव्हान देणारा नजीब, मिठागरावरचा कारकून. गावात अशी अटीतटीची लढत आधी कधी झाली नव्हती. शेवटचा डाव उरला तेव्हा दोघांचे गुण सारखे होते. आता नियम असा की लढत बरोबरीत सुटली तर गादी जुन्याचीच. दोन वर्षांपूर्वी मॉस्कोत जगज्जेतेपदाच्या लढतीतही बारा-बारा गुण झाले आणि जगज्जेता जागचा हलला नाही. म्हणजे मास्तरांना शेवटचा डाव अनिर्णित राहिला तरी पुरत होतं. नजीबला मात्र जिंकायलाच हवं होतं. जिंकला असता तर मुंबईतली एक गिरणी त्याला खेळाडूच्या जागेवर नोकरीत घेणार होती, तसं त्यांनी कबूल केलं होतं.

शनिवारी संध्याकाळी डाव तहकूब झाला. पटावर नजीबचा राजा आणि हत्ती, मास्तरांचा राजा आणि एक प्यादं. नजीबच्या हत्तीनं शह दिला होता. मास्तरांचा राजा हलला की त्याच्या मागचं प्यादं हत्तीच्या तोंडात. मास्तरांनी आपली खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद केली, तशी रीतच आहे. नजीब जिंकला, असं म्हणत सगळं गाव जेवायला गेलं.

रविवारी पाकीट फुटलं. राजा हलला. नजीबनं हात पुढे करून प्यादं उचलायचं, एवढंच उरलं होतं. तो बराच वेळ पटाकडे बघत बसला आणि त्यानं आपला राजा हलवला. हॉलमध्ये एकच गलका झाला. पुढे मास्तरांचं प्यादं एकेक घर पुढे सरकत राहिलं, नजीब त्यांच्या राजाला कोंडायला धडपडत राहिला, आणि शेवटी वजीर व्हायला निघालेल्या त्या प्याद्यावर त्याला आपला हत्ती द्यावा लागला. पटावर नुसते दोन राजे उरले. बरोबरी. लोक ओरडले, "विकला! डाव विकला!" कुणीतरी चप्पल फेकली. सोमवारी सकाळी तो धक्क्याखाली सापडला.

चालू फौजदारांनी पाय घसरून मृत्यू असं लिहिलं आणि विषय मिटवला. जनाज्याला मोहल्ल्यातलीही सगळी माणसं आली नाहीत. खांदा बदलायलासुद्धा माणूस मिळेना, तेव्हा हिरामण पुढे झाला. नजीबचा जिवलग मित्र, आगरी पोरगा, त्याच मिठागरावर कामाला. तो कबरस्तानापर्यंत रडत गेला.

दुपारी नजीबची बहीण सफिया माझ्या ओटीवर आली. खाली बसली नाही.

"फौजदारसाहेब, भाव तर गेला. तो घसरला का त्यानं जीव दिला, त्ये मी इचारत नाय. त्यानं डाव इकला का नाय, येवढंच मला सांगा. इकला असेल तर तसा सांगा. पन सांगा."

"आणि समज, विकला असं निघालं तर?"

"तर मी त्याच्या कबरीवर जायाची नाय," ती म्हणाली.

२

कर्णिक मास्तर अंगणात वेताच्या खुर्चीवर बसले होते. समोर कालचा, परवाचा, असे तीन चहा तसेच पडलेले असावेत असा त्यांचा चेहरा होता. गावात बोलवा अशी की पैसे चारले ते मास्तरांच्या माणसांनी. मीही तेच धरून आलो होतो. चोरी कुणी केली हे कळत नसेल तर माल कुणाच्या घरी पोचला ते बघावं, हे मी नोकरीत शिकलो, आणि माल इथे पोचला होता.

"टिपणीस, मी सही करणार होतो," ते म्हणाले. "हार कबूल म्हणून. पेनाचं टोपण काढून बसलो होतो. त्यानं प्यादं उचललं की उठून हात मिळवायचा, इतकंच माझ्या मनात होतं."

"मग राजीनामा रात्रीच का नाही पाठवलात? हरलेला डाव खेळायला सकाळी कशाला आलात?"

"लोभ," मास्तर म्हणाले. इतकं सरळ उत्तर मला उभ्या नोकरीत कुणी दिलं नव्हतं. "समोरच्याला ताप येईल, विसर पडेल, काहीतरी होईल, असं प्रत्येकाला वाटतं. झालंच ना तसं. गादी राहिली. आता तिच्यावर बसवत नाही."

त्यांनी गादी सोडायची तयारी वाचनालयाच्या कमिटीकडे दाखवली होती. कमिटीनं सांगितलं, बरोबरी ती बरोबरी, नियमात सोडायची सोय नाही. नवे आंतरराष्ट्रीय नियम गावात आणले ते मास्तरांनीच, त्यामुळे त्यांना तोंड उघडायलाही जागा नव्हती.

"शनिवारी संध्याकाळनंतर नजीबला भेटलात?"

"नाही. दारात भाऊबंद बसले होते, सगळ्यांना विचारा."

मी नंतर विचारलं. ते खरं होतं. उठता उठता मी त्यांना शेवटचं विचारलं, "खेळणारा माणूस म्हणून सांगा. तो विकला गेला होता?"

मास्तर म्हणाले, "विकलेला माणूस घाम गाळत नाही हो. माझ्या राजाला कोंडायला तो इतका झटला की शर्ट पाठीला चिकटला होता. आणि विकायचाच तर एखादी बारीक चूक करून विकतात, कुणाला कळू नये अशी. भर हॉलमध्ये समोरचं प्यादं सोडून कोण विकेल? मला काहीच कळत नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढून जात नाही. डाव संपला, लोक ओरडायला लागले, तेव्हा त्यानं पंच मुकादमशेठना काहीतरी विचारलं. शेठनी काहीतरी उत्तर दिलं. मग तो वळला आणि माझ्या खुर्चीच्या मागे, गर्दीत, कुणाकडे तरी बघत राहिला. टिपणीस, वर्गात मुलं मार खातात, तेव्हाही अशी बघत नाहीत."

"कुणाकडे?"

"मी मागे वळून बघितलं नाही," मास्तर म्हणाले. "मला धीर झाला नाही."

३

अब्दुर्रहमान मुकादम त्या लढतीचे पंच. सारा जन्म झांजिबारला व्यापारात गेलेला, वर्षभरापूर्वी गावी परतले. बुद्धिबळ तिकडेच, एका जहाजाच्या कप्तानाकडून शिकले. इथल्या कुठल्याच गोटात नाहीत म्हणून कमिटीनं त्यांना पंच केलं होतं. शनिवारी पाकीट आणि पट यांच्यासकट ते हॉलमध्येच झोपले. त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं आणि पुन्हा पुन्हा गळ्याखालचं बटण लावत-काढत बसले.

"साब, मेरा क्या कसूर? माझ्या जिंदगीत मी अशी मॅच बघितली नाय. पाकीट मी उघडला, खेळी वाचली, घड्याळ चालू केला. बस."

"डाव संपल्यावर नजीबनं तुम्हाला काय विचारलं?"

"त्यो? अजीबच विचारला त्यानं. बोलला, शेठ, प्यादं मारलं असतं तर बुर्जी झाली असती ना? मी बोललो, बेटा, ये बुर्जी क्या चीज है? मी ये शब्द ऐकलाच नाय कधी. त्याचा तोंड असा सफेद पडला. मग मी घाबरून गेलो, चप्पल आली ना तिकडून."

खरं सांगतो, तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. बुर्जी हा शब्द मला लहानपणापासून माहीत, पण फौजदाराचं डोकं पैशाच्या मागे लागलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मी शेठना पुढचंच विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी हॉलवर कोण आलं होतं?"

"हिरामण. सकाळी किती वाजता चालू, इतना पूछके गया. अजून कोणी नाय."

हिरामण त्याच संध्याकाळी माझ्याकडे आपण होऊन आला. रडून रडून डोळे सुजलेले. त्याचं म्हणणं असं की पैसे मास्तरांच्या मेहुण्यानं दिले असणार, फौजदारसाहेबांनी त्याला धरावं. मी विचारलं, तू नजीबबरोबर होतास ना शनिवारी?

"व्हतो ना. त्याचे ओट्यावर. डाव जिंकलेलाच व्हता साहेब, आमी हसत व्हतो. मी वेळ इचारून आयलो नि घरा जेलो. रातच्याला त्याला कोन भेटला, मना काय ठावं?"

मी त्याला धीर दिला. पाठीवर हात ठेवला. मेहुण्याच्या मागे दोन दिवस हिंडलो आणि हात हलवत परत आलो. मेहुणा त्या आठवड्यात गावातच नव्हता.

मग मी सफियाला निरोप पाठवला की बाई, काही लागत नाही, दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं आहे. ती स्वतःच आली. म्हणाली, "एक सांगायचं रायलं, साहेब. मला वाटलं त्यात काय हाय. पन जो मानूस डाव इकनार, तो त्या प्याद्याला येवढा जपंल का?"

४

सफियानं सांगितलं ते असं. शनिवारी दोघं मित्र ओट्यावर बसून हसत होते. नजीब बोटानं प्यादं उडवून दाखवत होता, असं, आणि असं. मग हिरामण वेळ विचारून आला. दोघं हळू आवाजात बोलले. हिरामण गेला आणि नजीबचं हसणं बंद झालं. आई, नूरीबी, ताट वाढून बसली तर तो म्हणाला झाकून ठेव. तो पुन्हा पुन्हा तोच पट मांडत होता. आपला राजा, आपला हत्ती, समोरचा राजा, समोरचं प्यादं. समोरच्या राजाला मात करायला बघायचा, जमलं नाही की परत मांडायचा. सफियानं जवळ बसून विचारलं, त्या प्याद्याला मारत का नाही? तो म्हणाला, "तेच तर मारायचं नाय. त्याला जिवंत ठेवून मात करायची हाय. कठीण हाय, पन करीन."

"तू हे मला आज सांगतेस?" मी ओरडलो.

"मला खेळातलं काय कळतं?" ती म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिथे फुटलं.

ती गेल्यावर मी माजघरात येऊन ताईपुढे बसलो. ताई माझी थोरली बहीण, विधवा, माझ्याकडेच राहते. दुपारी आम्ही दोघं पट मांडतो, आमच्या वडिलांनी शिकवला तसा, देशी. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. तिनं माझे सगळे मोहरे मारले. राजा आणि एक लंगडं प्यादं उरलं, तेही तिच्या हत्तीच्या रस्त्यात.

"मार ना ते. एकदाचं संपव," मी वैतागून म्हणालो.

"मी काय खुळी आहे?" ताई म्हणाली. "तुझं शेवटचं प्यादं मारून बुर्जी करून घेऊ? डाव बरोबरीत घालवू? बस गप. ते राहू दे जिवंत, मी बघते तुझ्या राजाकडे."

मी जागचा उठलो तो पट उधळूनच.

देशी खेळात समोरच्याचा राजा एकटा पडला, एकही मोहरा उरला नाही, तर ती बुर्जी. डाव बरोबरीत. म्हणून देशी खेळणारा शेवटचं प्यादं कधी मारत नाही, त्याला सांभाळून मात करतो. आंतरराष्ट्रीय नियमात असलं काही नाही. प्यादं मारा आणि एकट्या राजाला खुशाल मात करा. आमच्या गावात ही लढत नव्या नियमांनी पहिल्यांदाच होत होती. नजीब लहानपणापासून देशीच खेळलेला. तरी नवे नियम त्याला ठाऊक होते. शनिवारी संध्याकाळी तो प्यादं उडवून दाखवत होता, म्हणजे तोवर बुर्जी त्याच्या मनातही नव्हती. ती मनात आली हिरामण परत आल्यावर. कुणीतरी त्याला सांगितलं की या डावाला बुर्जी धरणार. मग त्या पोराच्या दृष्टीनं प्यादं मारणं म्हणजेच बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे सगळं गेलं. म्हणून तो दुसऱ्या दिवशी घाम गाळत अशक्य ते करायला गेला.

त्यानं डाव विकला नव्हता. जिंकायला म्हणूनच त्यानं ते प्यादं सोडलं.

मग त्याला सांगितलं कुणी? मास्तर भेटलेच नाहीत. निरोप मुकादमशेठचा म्हणावा, तर ज्यानं बुर्जी हा शब्दही ऐकलेला नाही तो बुर्जी धरणार असा निरोप कसा देईल? त्या संध्याकाळी हॉल आणि ओटा यांच्यामध्ये एकच माणूस ये-जा करत होता. आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

५

मिठागरावर ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. हिरामण बांधावर मिठाच्या राशीपाशी उभा होता. मला येताना बघून त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं. मी काही विचारण्याआधीच तो खाली बसला, आणि मला कळलं की आता मेहनत पडणार नाही.

"तू त्याला काय सांगितलंस?"

"शेठ सांगतान का शेवटच्या डावाला जुनीच रीत. बुर्जी धरनार." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "नि परत शेठला इचारू नको, यावरशी सकाली त्वांड उघडलंस त डाव बाद करीन, असा बोलले. असं मी सांगलं. शेठ कायपन बोलले नव्हते."

"पैसे घेतलेस?"

त्यानं मान वर केली. इतका दुखावला गेला की मलाच विचारल्याचं वाईट वाटलं.

"पैसं? साहेब, तो मुंबईला चालला व्हता. आमी दोघं ल्हानपनापासून या बांधावर. हितल्याच म्हाताऱ्या गोटीरामबाबानं आमाला दोघांना बरोबरच खेळ शिकवला. तो जिंकायचा, मी हरायचो, मना त्याचा कदी काय वाटला नाय. पन तो गिरनीत जानार, मी हितं मीठ वढनार. मना वाटलं, बरोबरी होऊन जाऊ दे. बरोबरीत कोनाचा काय जातंय? मास्तरांचा मान ऱ्हाईल, नजीब काय हरनार नाय. पुढल्या साली परत लढेल, तवा जाईल. येक साल आजून हितं ऱ्हाईल. येवढाच."

एवढंच. मी फौजदारकीत खुनी बघितले, दरोडेखोर बघितले. कारण असं कधी ऐकलं नव्हतं. त्याला मित्राला बुडवायचं नव्हतं, फक्त थोडे दिवस जवळ ठेवायचं होतं. त्याला वाटलं बरोबरी म्हणजे दोघांना सारखं. अजिंक्यपदाच्या बरोबरीत एकाला सगळं मिळतं आणि दुसरा रिकाम्या हातानं घरी जातो, हे त्याला समजलंच नव्हतं.

"सकाळी का नाही सांगितलंस?"

"सांगनार व्हतो. हॉल भरलेला. त्यानं राजा हलवला नि माजी वाचाच जेली."

"आणि नंतर? लोक 'विकला' ओरडत होते तेव्हा?"

"त्यानं शेठला इचारलं. मंग माज्याकडं बघितलं." हिरामणनं डोळे पुसले. "मना वाटलं, आता सांगेल. समद्यांना बोट दाखवून सांगेल का हा बघा, यानं केलं. मी त वाटच बघत व्हतो. पन तो कायपन बोलला नाय साहेब. त्याला चप्पल लागली, तरी नाय बोलला. माज्याकडं बघून खाली मान घातली नि निगून जेला."

एका वाक्यात नजीबचं नाव सुटलं असतं. ते वाक्य त्यानं मित्रासाठी गिळलं, की ते बोलायची त्याच्यात ताकदच उरली नाही, ते मला ठरवता आलं नाही. मी तिथेच मिठाच्या राशीवर बसलो. हिरामणला शिक्षा करायला कायद्यात कलम नव्हतं आणि मलाही सुचत नव्हतं.

"उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं," मी म्हणालो. "आहे तयारी?"

"त्याशिवाय मी जगनार कसा?" तो म्हणाला.

६

कमिटीनं सभा बोलावली. त्या रविवारी भरला होता तसाच हॉल भरला. मी सगळं मांडलं, पट समोर ठेवून. बुर्जी काय ते सांगितलं, सफियानं ओट्यावर पाहिलं ते सांगितलं, शेठना नजीबनं विचारलेला प्रश्न सांगितला. शेठनी उठून दुजोरा दिला. मग हिरामण उभा राहिला आणि त्यानं एकही शब्द न लपवता आपलं काम कबूल केलं. शेवटी तो हात जोडून रडत म्हणाला, "नजीबनं डाव इकला नाय. मी मारला त्याला."

मला वाटलं, झालं. पोराचं नाव सुटलं.

मग मागून एक म्हातारा उठला आणि हिरामणच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पुरे पोरा. मेलेल्या दोस्तासाठी येवढा कोन करतंय?" दुसरा म्हणाला, "सख्खा भाव करनार नाय." बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. कमिटीचे अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले की मित्राचा कलंक स्वतःच्या माथी घेणारा असा दिलदार तरुण आपल्या गावात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो.

"अरे, तो खरं बोलतोय!" मी ओरडलो.

"टिपणीस, तुमचंही मन मोठं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण नजीबला नियम माहीत नव्हते म्हणता? पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवले होते. आणि तो प्रश्न. विकणाऱ्यालाही काहीतरी सबब लागतेच ना शेवटी."

हिरामण ओरडून सांगत होता, मीच केलं, मीच केलं. तो जितका ओरडला तितकं लोकांनी त्याला जवळ घेतलं. कर्णिक मास्तर एकटे भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा विश्वास बसला होता, ते मला दिसत होतं. पण गादी ज्याच्याकडे राहिली त्याचं कोण ऐकणार? ते बोलायला पुढे झाले आणि लोकांनी त्यांना हसून खाली बसवलं. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे नव्हता. ओट्यावरचं ते बोलणं दोघांनीच ऐकलं होतं. एक मातीखाली होता, आणि दुसऱ्याचं खरं कुणाला पटत नव्हतं. इतकं बिनचूक उत्तर मी आयुष्यात काढलं नव्हतं, आणि त्याचा इतका शून्य उपयोगही कधी झाला नव्हता.

बाहेर आलो तर वाचनालयाच्या पायरीखाली सफिया आणि नूरीबी उभ्या होत्या. म्हातारीला ऐकू कमी येतं. आतलं काय तिच्यापर्यंत पोचलं कोण जाणे. लोक हिरामणला धरून बाहेर घेऊन आले. तो तिला बघताच तिच्या पायांवर पडला.

"खाला, मी मारला त्याला. मी खोटं सांगलं. खाला, मना मार."

नूरीबीनं वाकून त्याला उठवलं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"माज्या नजीबचं नाव घ्यायला सगल्या गावात तू येकटाच उभा ऱ्हायलास," ती म्हणाली. "अल्ला तुला लई देईल, पोरा. आजपासून तूच माजा लेक. रोज येत जा घरा."

हिरामण नाही नाही म्हणत राहिला, तिला ऐकू गेलं नाही. मी पुढे झालो, तोंड उघडलं. सफियानं माझ्याकडे बघितलं. तिला आता सगळं ठाऊक होतं. मी आदल्या दिवशीच तिला सांगितलं होतं, आणि ऐकून ती सरळ भावाच्या कबरीवर गेली होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "नको, साहेब. तिच्यापाशी दुसरं कोन हाय आता?"

मग तिनं आईचा हात धरला. हिरामणनं दुसरा धरला, कारण म्हातारीनं तो सोडलाच नाही. तिघं मोहल्ल्याच्या वाटेनं चालू लागली आणि रस्त्यावरची माणसं हिरामणला वाट करून देत होती.